वितळतार कोणाचे रक्षण करते?

कोरबा येथील औष्णिक केंद्रांत दगडी कोळसा जाळून निर्माण होणारी वीज सुमारे २०० किलोमीटरांचा प्रवास करून रायपूरला पोहोचते. उच्च दाबाच्या वाहिन्या, उपकेंद्रे, ३३ आणि ११ किलोव्होल्टचे खांब, गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले रोहित्र असे टप्पे ओलांडताना तिचा दाब क्रमाक्रमाने उतरत जातो. तात्यापारा किंवा बूढापारा यांसारख्या जुन्या वस्तीतील एखाद्या घराच्या दाराशी ती येते, तेव्हा तो २३० व्होल्टच्या आसपास असतो. या प्रवासातील व्यवस्थेवर देखरेख ठेवणारी संस्था काळानुसार बदलत गेली. पूर्वी हे काम मध्य प्रदेश विद्युत मंडळाकडे होते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आल्यानंतर त्या राज्याचे स्वतंत्र विद्युत मंडळ स्थापन झाले. २००९ मध्ये त्याचेही विभाजन होऊन वितरणाचे काम स्वतंत्र कंपनीकडे सोपविण्यात आले. एक सीमारेषा मात्र या सर्व स्थित्यंतरांत कायम राहिली. मीटरपर्यंतची व्यवस्था पुरवठादाराची आणि मीटरच्या पुढील तारा, बटणे, खटके व उपकरणे यांची जबाबदारी घरमालकाची.

या सीमारेषेवर, घराच्या बाजूस, चिनी मातीचा एक लहानसा पांढरा ठोकळा अनेक वर्षे पहारा देत आला आहे. वायरमन त्याला ‘किटकॅट’ म्हणतात. त्यातील दोन पितळी टोकांमध्ये ताणून बसविलेली बारीक तार म्हणजेच फ्यूज, अर्थात वितळतार. नव्या घरांतून या ठोकळ्याची जागा आता आपोआप पडणाऱ्या खटक्यांनी, म्हणजे एमसीबींनी, घेतली आहे. तरीही जुन्या घरांतून, दुकानांतून आणि भाड्याच्या खोल्यांतून किटकॅट अद्याप आढळतात. वितळतारेविषयी लोकांच्या मनात दोन समज दृढ झालेले आहेत. फ्यूज उडणे हा फ्यूजचा दोष होय, हा पहिला; आणि फ्यूज असला म्हणजे माणसाला विजेचा धक्का बसून अपाय होणार नाही, हा दुसरा. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. पहिल्यामुळे घरे जळतात आणि दुसऱ्यामुळे माणसे दगावतात. म्हणून या बारीक तारेचे नेमके कार्य कोणते आणि तिच्या कार्याची मर्यादा कोणती, हे प्रत्येक गृहस्थाने समजून घेणे अगत्याचे आहे.

उष्णतेचा नियम

तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला की ती तार तापते. इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कॉट जूल याने १८४० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून या तापण्याचा नियम सिद्ध झाला. निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते आणि प्रवाह तिप्पट झाला तर नऊपट. घरातील तारांवर थोडासा अधिक भार टाकला तर काय बिघडले, असे विचारणाऱ्याने हा वर्गाचा हिशेब लक्षात ठेवावा.

कोणते उपकरण किती प्रवाह घेते हे काढणे अवघड नाही. उपकरणावर छापलेल्या वॉटच्या आकड्यास २३० ने भागले की अँपिअरमधील प्रवाह स्थूलमानाने मिळतो. ९ वॉटचा एलईडी दिवा अँपिअरचा पंचविसावा भागच घेतो. ७५ वॉटचा पंखा सुमारे एक-तृतीयांश अँपिअर घेतो, २०० वॉटचा कूलर सुमारे १ अँपिअर, १००० वॉटची इस्त्री ४.३ अँपिअर आणि २००० वॉटचा पाणी तापविण्याचा गिझर ८.७ अँपिअर. गिझर आणि इस्त्री एकाच तारेवर चालू केल्यास १३ अँपिअर होतात. त्याच तारेवर आणखी एक शेगडी लावली, तर भिंतीत बसविलेली तार आपल्या क्षमतेपलीकडे जाते.

या अवस्थेस अतिभार म्हणतात. दुसरी अवस्था याहून उग्र असते. तारेवरील आवरण झिजून किंवा उंदराने कुरतडून फेज आणि न्यूट्रल या दोन तारा एकमेकींना प्रत्यक्ष चिकटल्या, तर मध्ये कोणतेही उपकरण नसल्यामुळे प्रवाहाला अडविणारा रोध उरत नाही, आणि क्षणार्धात शेकडो अँपिअरचा लोंढा वाहू लागतो. हेच ‘शॉर्ट सर्किट’ होय. दोन्ही अवस्थांत धोका एकच, तारेची उष्णता. घरातील तारांवरील पीव्हीसीचे आवरण सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान दीर्घकाळ सोसू शकते. त्यापुढे ते मऊ होते, कडक होऊन तडकते आणि अखेर जळू लागते. रायपूरसारख्या गावी, जेथे मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ अंशांच्या घरात जाते, तेथे छताखालून गेलेल्या तारेचा प्रारंभच मुळी उष्णतेतून होतो. थंड प्रदेशातील तारेला जेवढी सवलत मिळते तेवढी तिला मिळत नाही.

दुर्बळ दुवा

साखळी तुटायचीच असेल तर ती आपल्याला सोयीच्या ठिकाणी तुटावी, या विचारातून वितळतारेचा जन्म झाला. १८४७ मध्ये फ्रान्समधील लुई ब्रेगे याने तारायंत्राच्या केंद्रांत मुख्य तारेपेक्षा बारीक तारेचा तुकडा मध्ये घालण्याची सूचना केली. आकाशातील वीज तारेवर कोसळली तर तो बारीक तुकडा जळून जावा आणि आतील यंत्रे वाचावीत, हा त्याचा हेतू होता. पुढे १८८२ मध्ये टॉमस एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून घरोघरी वीज पुरविण्यास प्रारंभ केला, तेव्हा हा तुकडा आकाशातील विजेऐवजी घरातील विजेवर पहारा ठेवू लागला.

किती जाडीची तार किती प्रवाहाला वितळेल, याचा हिशेब ब्रिटनमधील तारखात्याचे अभियंते विल्यम प्रीस यांनी त्याच दशकात मांडला. तारेचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा दीड घात काढावा आणि तांब्याच्या तारेसाठी त्यास ८० ने गुणावे, म्हणजे ती तार वितळविणारा प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. सूत्र स्थूल असले तरी व्यवहारास पुरेसे आहे. कल्हई केलेल्या तांब्याची ०.२० मिलिमीटर व्यासाची तार ५ अँपिअरच्या फ्यूजसाठी वापरतात आणि सूत्राप्रमाणे ती सुमारे ७ अँपिअरला वितळते. १५ अँपिअरसाठी ०.५० मिलिमीटरची तार असते. ती वितळण्यास सुमारे २८ अँपिअर लागतात. फ्यूजवरील आकडा म्हणजे तो निर्धास्तपणे वाहू शकेल तो प्रवाह होय. वितळण्यासाठी त्याच्या जवळजवळ दीडपट ते दुप्पट प्रवाह लागतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

फ्यूज आणि भिंतीतील तार ही एकाच मंडलात एकापाठोपाठ जोडलेली असतात, म्हणून दोहोंतून सारखाच प्रवाह वाहतो. बारीक तारेचा रोध अधिक आणि तिचे वस्तुमान अल्प, म्हणून ती आधी तापते व आधी वितळते. तिचे सारे कर्तृत्व तिच्या या दुबळेपणात आहे. चिनी मातीचा ठोकळा त्या वितळण्याला सुरक्षित जागा देतो. तेथे ठिणगी उडाली तरी पेट घेण्यासारखे काही नसते.

आपोआप पडणारा खटका हेच काम दुसऱ्या रीतीने करतो. जर्मनीतील मानहाइम येथील ह्यूगो श्टोट्स यांच्या कारखान्यात १९२४ मध्ये अशा छोट्या खटक्याची रचना सिद्ध झाली. त्यात दोन राखणदार असतात. दोन भिन्न धातूंची जोडपट्टी अतिभाराने हळूहळू तापून वाकते आणि खटका पाडते. शॉर्ट सर्किटचा लोंढा आला तर विद्युत्‌चुंबक ती क्रिया एका निमिषात घडवितो. खटका पुन्हा वर करता येतो, तार ओवण्याची यातायात नाही, आणि चुकीच्या जाडीची तार घालण्याचा मोहही नाही. या शेवटच्या लाभाचे महत्त्व पुढील हिशेबावरून कळेल.

तार बदलणाऱ्याचा हात

उन्हाळ्याची रात्र आहे, घरात कूलर, पंखे, शीतकपाट सारे चालू आहे आणि फ्यूज उडतो. तो पुन्हा ओवला जातो, पुन्हा उडतो. तिसऱ्या खेपेस घरातील कोणीतरी कर्ता पुरुष वायरीच्या तुकड्यातून तांब्याचे तीन धागे काढतो, त्यांना पीळ देतो आणि ठोकळ्यात बसवितो. फ्यूज आता उडत नाही. सर्वांना हायसे वाटते.

त्या रात्री प्रत्यक्षात काय घडले, हे प्रीस यांच्या सूत्राने पाहता येते. घरगुती वायरीतील एक धागा बहुधा ०.३० मिलिमीटर व्यासाचा असतो. तो एकटा सुमारे १३ अँपिअरला वितळतो. तीन धागे मिळून सुमारे ३९ अँपिअर सोसतात. भिंतीत दीड चौरस मिलिमीटरची तार असेल तर ती दीर्घकाळ १५ अँपिअरच्या आसपासचा प्रवाह वाहू शकते. म्हणजे फ्यूज वितळण्यापूर्वी भिंतीतील तारेवर तिच्या क्षमतेच्या २.६ पट प्रवाह येऊ शकतो, आणि वर्गाच्या नियमानुसार तिच्यात नेहमीच्या जवळजवळ सातपट उष्णता निर्माण होऊ शकते. दुबळा दुवा ठोकळ्यातून निघून भिंतीत गेला. आता वितळायचेच झाले तर भिंतीतील तार वितळेल. आणि तिच्याभोवती चिनी माती नसेल, लाकडी पट्टी, प्लास्टिकची नळी, पडदा किंवा गवताची गादी असेल.

जुन्या घरांतून हा धोका वाढतो. सागवानी पट्ट्यांवर क्लिपा मारून नेलेल्या तारा त्या काळच्या गरजांसाठी बसविलेल्या होत्या. प्रत्येक खोलीत एक दिवा, एक पंखा आणि बैठकीत रेडिओ, एवढाच त्यांचा भार. दिवे व पंखे यांच्या एका उपमंडलावर १० पेक्षा अधिक बिंदू किंवा ८०० वॉटपेक्षा अधिक भार असू नये, असा संकेत भारतीय मानकांतून दीर्घकाळ चालत आला. आज त्याच पट्ट्यांवरच्या तारांना मिक्सर, इस्त्री आणि धुलाईयंत्र यांचे ओझे उचलावे लागते. अशा घरात वारंवार उडणारा फ्यूज हा त्रास देणारा शत्रू नसून खरी बातमी आणणारा दूत होय. त्याने आणलेली बातमी एवढीच की, भार वाढला आहे, त्याच्यासाठी स्वतंत्र आणि जाड तारेचे मंडल टाकावे.

जागा आणि क्रम

फ्यूज योग्य जाडीचा असून भागत नाही. तो योग्य तारेतही असावा लागतो. घरात येणाऱ्या दोन तारांपैकी फेज ही जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्ट दाबाची असते आणि न्यूट्रल ही रोहित्रापाशी जमिनीस जोडलेली असते. फ्यूज केवळ न्यूट्रलमध्ये असेल आणि तो वितळला, तर दिवा विझतो, पंखा थांबतो, पण मंडलातील प्रत्येक तारेवर फेजचा दाब तसाच राहतो. वीज गेली असे समजून होल्डरला हात लावणाऱ्यास याहून मोठी फसगत ती कोणती? भारतीय विद्युत नियम, १९५६ यांनी भूसंपर्कित न्यूट्रलमध्ये स्वतंत्र फ्यूज किंवा स्वतंत्र खटका घालण्यास मनाई केली होती, ती याच कारणासाठी. न्यूट्रलच्या जागी ठोकळा असल्यास त्यात फ्यूजची तार नसावी, तेथे जाड पट्टीची पक्की जोडणी हवी. दिव्याचे बटणही याच न्यायाने फेजमध्ये असले पाहिजे. टेस्टरने हे पाहता येते. बटण बंद असताना होल्डरच्या कोणत्याही टोकावर टेस्टर उजळू नये.

दुसरी गोष्ट क्रमाची. रोहित्राच्या खांबावर ११ किलोव्होल्टच्या बाजूस तीन फ्यूज लोंबताना दिसतात. वीज कर्मचारी त्यांना ‘डीओ’ म्हणतात. वितळले की ते स्वतःच्या भाराने खाली झुकतात, म्हणून दुरूनही कळते. त्यांच्या पुढे पुरवठादाराचा फ्यूज, मग घराचा मुख्य फ्यूज आणि शेवटी प्रत्येक मंडलाचा स्वतंत्र फ्यूज, अशी उतरती श्रेणी असते. खोलीतील बिघाडाने त्या खोलीचाच फ्यूज जावा, अशी योजना असते. एका घरातील तीन धाग्यांच्या पिळामुळे ही श्रेणी मोडते, आणि एका इस्त्रीच्या दोषापायी साऱ्या गल्लीत अंधार होतो.

कूलर आणि उन्हाळ्यातील जमीन

येथपर्यंतचे सारे विवेचन घराच्या रक्षणासंबंधी झाले. माणसाचे काय?

छत्तीसगड आणि शेजारचा विदर्भ या दोन्ही प्रदेशांत उन्हाळा आला की पत्र्याचे कूलर माळ्यावरून खाली उतरतात. खिडकीत लोखंडी पेटी, तिच्या तळाशी पाणी, पाण्यात विजेचा लहान पंप, वर विजेचा पंखा आणि भोवती ओला वाळा किंवा गवत, अशी ही रचना. पाणी, लोखंड आणि वीज यांना इतक्या निकट ठेवणारे दुसरे उपकरण सामान्य घरात सहसा आढळत नाही. कूलरमध्ये पाणी भरताना किंवा त्याच्याजवळ खेळताना विजेचा धक्का बसून मृत्यू पावल्याच्या बातम्या या प्रदेशांतील वृत्तपत्रांतून उन्हाळ्यात वाचावयास मिळतात. त्यांत स्त्रिया आणि मुले असतात, कारण पाणी भरण्याचे काम आणि गारव्याजवळचा खेळ हे बहुधा त्यांच्याच वाट्याला येतात. अशा घरात फ्यूज नव्हता असे नाही. फ्यूज होता, आणि तो उडाला नाही.

तो का उडाला नाही? मानवी शरीरातून १ मिलिअँपिअर प्रवाह गेला की झिणझिण्या जाणवतात. कॅलिफोर्नियातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांच्या प्रयोगांवरून असे दिसले की १० ते १६ मिलिअँपिअरच्या सुमारास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू इच्छा असूनही सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरपुढे श्वास व हृदय यांना धोका सुरू होतो आणि ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाची लय मोडून मृत्यू ओढवू शकतो. ५ अँपिअर म्हणजे ५००० मिलिअँपिअर. माणसाच्या प्राणावर बेतणारा प्रवाह सर्वांत लहान घरगुती फ्यूजच्या दृष्टीने नगण्य आहे. फ्यूजला तो एका लहानशा दिव्यासारखा भासतो.

यावरचा पारंपरिक उपाय म्हणजे अर्थिंग, अर्थात उपकरणाचे धातूचे अंग जमिनीशी जोडणे. तीन पिनांच्या प्लगमधील वरची जाड व लांब पिन याचसाठी असते. फेजची तार झिजून पेटीला टेकली तर मोठा प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा आणि फ्यूज उडावा, अशी ही योजना आहे. तिचे यश मात्र जमिनीवर अवलंबून असते.

एका घराच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे आणि रोहित्राचे अर्थिंग व तारा मिळून आणखी ३ ओहम आहेत, असे धरून हिशेब करू. एकूण २३ ओहम. दोष निर्माण होताच २३० भागिले २३, म्हणजे १० अँपिअर प्रवाह जमिनीत वाहू लागतो. फ्यूज १५ अँपिअरचा असेल तर तो हा प्रवाह दिवसभर निमूटपणे वाहील. या काळात कूलरच्या पेटीवर १० गुणिले २०, म्हणजे २०० व्होल्टचा दाब उभा असतो. मीटर वेगाने फिरत राहते आणि वीजबिल फुगते; कोणाच्या लक्षात आलीच तर तेवढीच काय ती खूण. ओल्या हाताने आणि अनवाणी पायाने पेटीला स्पर्श करणाऱ्याच्या शरीराचा रोध १००० ओहम मानला, तर त्याच्यातून २०० मिलिअँपिअर प्रवाह जातो. फ्यूजमधील प्रवाह १० चा १०.२ अँपिअर होतो. जीव जाऊ शकेल एवढा हा प्रसंग, आणि फ्यूजच्या लेखी घडलेला फरक एवढाच.

अर्थिंगचा रोध २० ओहम होण्यास विशेष काही लागत नाही. ओलसर माती वीज सहज वाहून नेते आणि कोरडी माती तिला अडविते. म्हणूनच अर्थिंगच्या खड्ड्यात जस्तलेपित नळीभोवती कोळसा आणि मीठ भरण्याची व वरून पाणी घालण्याची पद्धत आहे. छत्तीसगडी शेतकरी मातीचे चार प्रकार ओळखतो, भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. काळी, भारी कन्हार ओलावा धरून ठेवते. लाल, मुरमाड भाठा मात्र पावसाळा सरताच कोरडी पडते. भाठ्यावर उभारलेल्या वसाहतीतील अर्थिंग आणि कन्हारीतील अर्थिंग सारखे असू शकत नाही. पावसाळ्यात तपासून समाधानकारक ठरलेले अर्थिंग एप्रिल-मे महिन्यांत दुबळे होते, आणि कूलर लागतो तो नेमका याच महिन्यांत. खड्ड्यात बादलीभर पाणी नियमाने ओतणारी जुनी माणसे उगाच हा खटाटोप करीत नव्हती.

गळती ओळखणारा खटका

फ्यूज आणि अर्थिंग यांच्यामधील ही पोकळी भरून काढणारे साधन म्हणजे आरसीसीबी, अर्थात गळती ओळखणारा खटका. त्याची रचना साधी आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा लोहचुंबकीय द्रव्याच्या एका कड्यातून नेलेल्या असतात. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तितकाच परत आला, तर दोहोंचे चुंबकीय परिणाम एकमेकांना पुसून टाकतात आणि कडे शांत राहते. गेलेल्यातील काही अंश पेटीमार्गे किंवा माणसाच्या शरीरामार्गे जमिनीत गेला, तर जमाखर्चात तूट येते. ती तूट कड्यावरील वेटोळ्यात प्रवाह निर्माण करते आणि खटका पडतो.

घरगुती वापरासाठी हा खटका ३० मिलिअँपिअरच्या तुटीस पडणारा असावा. तूट याच्या पाचपट किंवा अधिक असेल तर मानकांनुसार तो सेकंदाच्या पंचविसाव्या भागात, म्हणजे ०.०४ सेकंदात पडला पाहिजे. वरील उदाहरणातील १० अँपिअरची गळती सुरू होताच, कोणी पेटीला हात लावण्यापूर्वीच, तो पडला असता. अर्थिंग अजिबात नसते तरीही स्पर्श होताच त्याने प्रवाह तोडला असता. धक्का जाणवला असता, पण तो टिकला नसता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांत अशा गळती-संरक्षणाची तरतूद आहे.

या साधनालाही मर्यादा आहेत. ते अतिभार ओळखत नाही. तारा कितीही तापल्या तरी जमाखर्च जुळत असेल तर ते स्वस्थ राहते, म्हणून त्याच्याबरोबर फ्यूज किंवा एमसीबी हवाच. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्यासही ते वाचवू शकत नाही, कारण तेथे गळती होत नाही. शिवाय त्याच्या आतील यंत्रणा न हलता राहिली तर जाम होते. यासाठीच त्यावर ‘टी’ अक्षर लिहिलेले परीक्षेचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. खटका पडला नाही तर तो बदलावा.

उन्हाळ्यापूर्वीची तपासणी

फाल्गुन सरत आला, कूलर खाली उतरविण्याचा बेत घरात सुरू झाला, म्हणजे पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात. मीटरपुढील तारांची कामे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावीत. पण काय करून घ्यावयाचे हे घरमालकास ठाऊक असले पाहिजे.

कूलरची वायर तीन तारांची आणि प्लग तीन पिनांचा असावा. हिरवी तार पेटीला खरोखर जोडलेली आहे काय, ते पाहावे. वरची पिन कापून तीन पिनांचा प्लग दोन छिद्रांत घुसविण्याची युक्ती जीवघेणी आहे. वर्षभर अडगळीत पडलेल्या पंपाची आणि मोटारीची आवरण-रोधाची परीक्षा मेगरने करून घ्यावी. आकडा १ मेगओहमपेक्षा खाली असेल तर दुरुस्तीशिवाय वापरू नये. पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढून ठेवावा. हा नियम घरातील प्रत्येकास, विशेषतः मुलांस, एकदा समजावून न थांबता पुनःपुन्हा सांगावा. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालीत जावे आणि त्याचा रोध मे महिन्यात मोजवून घ्यावा.

प्रत्येक ठोकळा उघडून त्यातील तारेची जाडी पाहावी. उघडण्यापूर्वी मुख्य खटका बंद करावा आणि टेस्टरने खात्री करावी. घरात इन्व्हर्टर असल्यास मुख्य खटका बंद केल्यानंतरही काही तारांत वीज असते, म्हणून इन्व्हर्टरही वेगळा बंद करावा. फ्यूजची तार टोकांशी ढिली राहिल्यास तेथेच तापून जळते आणि अति ताणल्यास बारीक होते, म्हणून ती मध्यम ताणाने, स्क्रू घट्ट आवळून बसवावी. योग्य जाडीच्या तारेची एक गुंडाळी आणि एक टॉर्च ठोकळ्याजवळच टांगून ठेवावी. अंधारात हाताशी नेमकी तार सापडली नाही म्हणजेच पीळ दिलेल्या धाग्यांची आठवण होते.

इतके करूनही कोणास विजेने धरले, तर त्याला हाताने ओढू नये. ओढणाराही त्याच प्रवाहात सापडतो. प्रथम खटका बंद करावा. ते शक्य नसेल तर स्वतः कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला वायरीपासून दूर सारावे. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देण्याची क्रिया त्वरित सुरू करून रुग्णवाहिका बोलवावी. या प्रसंगी मिनिटांचे मोल असते, आणि ही क्रिया शिकून ठेवण्याची वेळ अर्थातच त्या प्रसंगापूर्वीची असते.

आणि फ्यूज उडाला, तर तो पुन्हा बसविण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: तो कशामुळे उडाला? शेवटचे कोणते उपकरण चालू केले होते, त्याची वायर कोठे खरचटली आहे, मंडलावर एकूण किती वॉट होते, याचा शोध घेण्यास दहा मिनिटे लागतील. कारण सापडेपर्यंत ते मंडल बंद ठेवावे. उन्हाळ्याची एक रात्र पंख्याविना काढणे कष्टाचे असते खरे. परंतु तीन धाग्यांच्या पिळाने विकत घेतलेल्या गारव्याची किंमत त्या रात्री चुकती होत नाही. ती पुढे कधीतरी, आणि बहुधा घरातील दुसऱ्याच कोणाला तरी, चुकवावी लागते.